भोंग्याचा सा

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दाभिळे पठारावरचे दोन्ही भोंगे बंद झाले.

गावात ते कोणाच्या कानाला कळले नाही, कारण भोंगे चालू असतानाही ते कोणाला फारसे ऐकू येत नसत. त्यांचा आवाज इतका खालचा होता की माणसांआधी तो वस्तूंना कळे. गेली दोन वर्षे धुक्याच्या दिवसांत पहाटे मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत असत. त्या गप्प झाल्या. देवळाच्या पत्र्याची थरथर थांबली. सरपंच लीलाताई शेळके अंगणात तोंड धूत होत्या. "काय बंद पडलं गं?" असे त्यांनी सुनेला विचारले, आणि सून म्हणाली, "काय चालू होतं?"

शशिकांत नेजकर आपल्या घराच्या ओट्यावर फोन घेऊन बसला होता. फोनवर सूर मोजण्याचे ॲप उघडे होते. भोंगे आज बंद होणार हे गावात दोघांनाच ठाऊक होते: शशिकांतला, आणि पठारावरच्या केंद्रात बसून ते बंद करणाऱ्या डॉ. ईशानी घैसास यांना. आतल्या खोलीत शशिकांतची बायको सुनीती तंबोरा जुळवत होती. तिला हे कळता कामा नये, अशी अट होती.

तारा जुळल्या. सुनीतीने सा लावला. फोनवरची सुई हलली, थोडी डगमगली आणि रोजच्याच जागी जाऊन उभी राहिली: काळी चारच्या खाली, पांढरी पाचच्या वर. पेटीवर जिथे पट्टीच नाही अशा ठिकाणी.

शशिकांतने फोन उपडा ठेवला. धुके अंगणातल्या जास्वंदीपर्यंत आले होते, आणि आज ते पडणार नव्हते.

*

शशिकांत मूळचा कोल्हापूरचा. त्याचा स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. मिरवणुकीत ट्रकवर उभ्या राहणाऱ्या भिंती त्याने रचल्या, आणि घाटमाथ्यावर चित्रीकरणाला कोणी आले की गाणे वाजवायला त्याचेच खोके जात. फावल्या वेळात तो ब्लॉग लिही. ब्लॉगचे नाव 'गाणं, सिनेमा आणि आभाळ'. लोकांनी ब्लॉग लिहिणे केव्हाच सोडले होते. शशिकांतने सोडले नव्हते. एखाद्या दिवशी तिथे गाण्याचा व्हिडिओ असे, आणि खाली त्यातला ढोलक माइकपासून किती लांब ठेवला असेल याचा तर्क. कधी सिनेमा, म्हणजे त्याची गोष्ट नव्हे, तर त्यातला पाऊस टँकरचा आहे हे कसे ओळखावे. मागून उजेड टाकल्याशिवाय पाऊस पडद्यावर दिसत नाही, आणि खऱ्या पावसाला मागून उजेड कोण दाखवणार, असे तो लिही. आणि कधी आभाळ. पठारावरचा कातळसडा काळा रंगवला तर तापलेली हवा ढगांना ओढून घेईल का? घाटाच्या तोंडाशी मच्छरदाणीसारखे पडदे टांगून धुके गाळता येईल का? पतंगांनी मीठ वर नेले तर?

सुनीती याला 'आभाळाची हजामत' म्हणे आणि ब्लॉग वाचत नसे. वाचणारे तीस-चाळीस जण होते.

त्यातली एक नोंद वेगळी निघाली. बारा-तेरा वर्षांपूर्वी दाभिळे पठारावर एका गाण्याच्या व्हिडिओचे चित्रीकरण चालले होते. दिग्दर्शकाला धुके हवे होते आणि धुकेही मनासारखे आले होते. शशिकांतने अठरा इंची स्पीकरांची रांग लावली, गाणे सुरू केले, आणि ढोलाचा ठेका पडू लागताच स्पीकरांच्या पुढ्यातले धुके विरळ झाले. नाचणाऱ्या मुलींचे केस भिजले. दिग्दर्शक ओरडला, "ओ साउंडवाले, धुकं खाल्लंत की हो माझं!"

सगळे हसले. शशिकांतने मात्र स्पीकरांपुढे हात धरून पाहिला. तिथे थेंब पडत होते. स्पीकरांच्या मागे पडत नव्हते. त्या आठवड्यात त्याच गाण्याच्या व्हिडिओखाली त्याने हे लिहिले आणि शेवटी विचारले: ढोल वाजवून धुके पाडता येईल का?

खाली एकच प्रतिक्रिया आली. 'किती हर्ट्झ?' ती लिहिणारी ईशानी घैसास तेव्हा पुण्यात पदार्थविज्ञान शिकत होती.

किती हर्ट्झ, याचे उत्तर शोधण्यात तिची पुढची दहा वर्षे गेली. धुके म्हणजे पाणीच. पण त्याचे कण इतके बारीक की हवा त्यांना खाली पडू देत नाही. ते पडायचे तर एकमेकांना मिळून जड व्हायला हवेत, आणि आपण होऊन ते फारसे मिळत नाहीत. खालच्या सुराचा मोठा आवाज हवेला पुढे-मागे हलवतो. त्या हेलकाव्याबरोबर लहान कण निमूट वाहत जातात, मोठे मागे रेंगाळतात. मग लहान मोठ्यांवर आदळतात, चिकटतात, आणि पुरेसे चिकटले की थेंब होऊन खाली येतात. सूर फार वरचा असला तर कोणालाच हलायला सवड मिळत नाही. फार खालचा असला तर सगळेच बरोबरीने हलतात आणि कोणी कोणावर आदळत नाही. दाभिळ्याच्या धुक्याला मानवला तो सूर सेकंदाला पन्नास कंपने आणि वर थोडासा. त्या सुराचे दोन काँक्रीटचे भोंगे, सनईसारखे तोंडाशी रुंदावत गेलेले, पठाराच्या पश्चिम कडेला उभे राहिले. वीज तिथल्याच पवनचक्क्यांची.

त्यांनी पाऊस पाडला नाही. तेवढी त्यांची ताकद नव्हती. भुरभुर पडली. पण पावसाळ्यात झोडपून निघणारा आणि फेब्रुवारी संपता संपता ठणठणीत कोरडा होणारा तो कातळसडा धुक्याच्या दर सकाळी ओला होऊ लागला. पाणी चरांतून टाकीत आणि टाकीतून नळाला आले. उन्हाळ्यातला टँकर बंद झाला.

दाभिळे हे सुनीतीचे माहेर. भोंगे बांधले जात असतानाच धंदा आवरून शशिकांत तिच्यासह तिथे राहायला आला तो हे पाहण्यासाठीच. भोंग्यांच्या पायावर जो फलक आहे, त्यावर ईशानीने आग्रहाने त्याच्या ब्लॉगचे नाव कोरून घेतले होते.

*

सुनीती कोल्हापुरात चाळीस वर्षे गाणे शिकवत आणि गात आली होती. मोठे नाव नव्हते. पण तिचा सा पक्का आहे असे जाणकार म्हणत, आणि तिला तेवढे पुरे होते. तंबोरा पेटीवरून लावायचा नाही, कानाने लावायचा, ही तिच्या गुरूंची शिस्त. ती जन्मभर काळी चारमध्ये गायली, आणि पेटीला हात न लावता तिचा तंबोरा काळी चारलाच लागे.

दाभिळ्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या एका कार्यक्रमात पेटीवाल्याने तिच्याकडे झुकून हळूच सांगितले, "बाई, खाली लागलाय." तिने तंबोरा पुन्हा लावला. पुन्हा खालीच लागला. तिसऱ्यांदा तिने तो पेटीवरून लावून घेतला आणि ती गायली.

"साठी उलटली, सुनीती," परतीच्या वाटेवर घाट चढताना शशिकांत म्हणाला. "आवाज उतरणारच. भल्याभल्यांचे उतरतात."

"आवाज उतरला तर कळतं हो," ती म्हणाली. "माझा कान उतरलाय. मला ते बरोबर वाटत होतं."

त्यानंतर तिने बाहेर गाणे सोडले. सकाळी तासभर तंबोरा घेऊन बसे आणि गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाला शिकवी, तेवढेच.

मंडळाची पेटी बंडातात्या सुतार वाजवत. त्यांचेही काही बिनसले होते. बायका गाऊ लागल्या की पेटी जुळेना. शेजारची पट्टी धरून पाहिली तर पेटी फार खाली जाई, पहिलीच धरली तर वर राही. 'पावसाळ्यानं पेटी चढली' असा निकाल मंडळाने दिला आणि बंडातात्या ती घेऊन मिरजेला गेले. तिथल्या कारागिराने भाता मारून एकेक सूर तपासला.

"पेटीला काही झालेलं नाही."

"कसं न्हाई? पंधरा बायका खोट्या आणि तुमची पेटी खरी व्हय?"

"अहो तात्या, पेटी अशी चढत नसते. माणसं उतरतात."

"मग या गावात आणि सांगा बायकांस्नी," बंडातात्या म्हणाले. "मी न्हाई सांगत." आणि फोनवर मंडळाचे भजन लावून, या सुराला पेटी लावून द्या, असा हट्ट धरून दुकानात बसून राहिले. कारागिराने कपाळाला हात लावला, आतली एकेक पितळी पट्टी घासली आणि अख्खी पेटी खाली आणून दिली.

तेव्हापासून दाभिळ्यात सगळेच सुरात होते: बायका, पेटी, सुनीतीचा तंबोरा. चुकले आहे असे दाखवायला गावात काही उरले नव्हते.

*

मंडळाचे एकादशीचे भजन शशिकांत न चुकता ब्लॉगवर टाके. जानेवारीत देवरुखच्या एका वाचकाने त्याखाली लिहिले: 'तुमच्या व्हिडिओबरोबर मी घरी पेटी वाजवतो. वर्षभर काही जमत नाही. तुमच्या मंडळाचा सूर कोणता?'

शशिकांत 'काळी चार' असे लिहिणार होता. लिहिण्याआधी साउंडवाल्याच्या सवयीने त्याने ॲप लावून खात्री केली, आणि खात्री होईना म्हणून जुने व्हिडिओ एकामागून एक ॲपला ऐकवले. भोंगे सुरू होण्याआधीची सगळी भजने काळी चारला होती. नंतरची हळूहळू उतरत गेली आणि एका जागी थांबली. सेकंदाला दोनशे एक कंपने. सूर एक सप्तक खाली नेला की कंपने निम्मी होतात, दोन सप्तके नेला की पाव. त्याने भागाकार केला. उत्तर आले सव्वापन्नास.

हा आकडा त्याला पाठ होता. भोंग्यांच्या फलकावर ब्लॉगच्या नावाखाली तोच कोरलेला होता.

तो तसाच पठारावर गेला. ईशानी आता पस्तिशीची होती, आणि धुक्यात राहून तिची सर्दी हटत नसे. तिने सगळे ऐकले, स्वतः चार व्हिडिओ मोजून पाहिले.

"काका, ब्लॉगवर टाकलंत?"

"अजून नाही."

"टाकायचं तर टाका, मी अडवणार नाही. पण आधी खरं आहे का बघू. बायका काकूंचं ऐकून उतरल्या असतील."

"आणि काकू कोणाचं ऐकून उतरली?"

ईशानीने नाक पुसले. "पंखा बंद झाल्यावरच कळतं ना, की तो चालू होता? कान जे सतत ऐकतो ते आपल्याला सांगायचं बंद करतो. पण मोजायचं बंद करतो असं नाही. कदाचित त्या आवाजालाच तो आपली खूण धरायला लागत असेल. हा माझा अंदाज आहे, काका. यावर कोणी काम केलेलं मला माहीत नाही."

"गिरणीच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे, तसं."

"तसंच. आता हे बंद करून बघायला हवं, आठवडाभर तरी. गावाला सांगून बंद केले तर जो तो कान टवकारून बसेल आणि मोजमापाला अर्थ राहणार नाही. काकूंनाही सांगायचं नाही."

"ती माझी बायको आहे गं."

"म्हणूनच सांगतेय." मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. एप्रिलमध्ये भोंग्यांच्या परवानगीची मुदत संपत होती. अहवालात 'माणसांवर परिणाम आढळला' असे एक वाक्य आले तर भोंगे आधी बंद होतील आणि चौकशी मागाहून. तोवर पुन्हा टँकर.

"तू लिहिशील ते वाक्य?"

"आढळला तर लिहीन," ईशानी म्हणाली, आणि पुन्हा नाक पुसले.

*

'देखभालीसाठी बंद', असे केंद्राने ग्रामपंचायतीला मागाहून कळवले. टाकी भरलेली होती, त्यामुळे कोणी हू की चू केले नाही.

न पडलेले धुके दाभिळ्याने दोन वर्षांत पाहिले नव्हते. ते दहा-साडेदहापर्यंत गल्लीत मुक्काम ठोकून राही. शाळेची गाडी दिवे लावून येई. शशिकांत रोज सकाळी त्या धुक्यात ओट्यावर बसे, आणि चहाचा कप द्यायला सुनीती आली की फोन उपडा ठेवी. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोपासून लपवलेल्या गोष्टी फुटकळ होत्या: एखादा महागडा माइक, एखादी सिगारेट. ही तिच्याच गळ्याची गोष्ट होती.

सुरुवातीला सुई हलली नाही. मग एका सकाळी ती केसभर वर सरकली. दुसऱ्या दिवशी आणखी. आणि सहाव्या दिवशी तंबोऱ्याच्या पहिल्याच झंकाराला सुई काळी चारवर जाऊन थांबली.

आत तंबोरा बंद झाला. पुन्हा सुरू झाला. मग सुनीतीच बाहेर आली.

"ऐकलंत?"

"काय?" शशिकांत म्हणाला.

"लागला! आपोआप लागला हो. गेले दोन दिवस वाटत होतं मला, पण म्हटलं उगाच मनाचे खेळ." ती अंगणभर हसत होती. "साठी उलटली म्हणे! थांबा, तात्यांना सांगते. यंदा देवीच्या जत्रेला मी गाणार."

तिने तिथेच उभ्याने बंडातात्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"गावा की, बाई," बंडातात्यांचा आवाज आला, "पर वाजवू कशावर? पेटी परत बिघडली. ह्या खेपेला उतरलीया. काल बायकांनी मला फाडून खाल्ला. आणि त्यो मिरजेचा माणूस आता मला दारात उभा करायचा न्हाई."

सुनीती हसली. हसता हसता मध्येच थांबली.

"तात्या, बायका वर गातायत? सगळ्या?"

"सगळ्या की. येकसाथ."

फोन बंद करून तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आत मांडणीवर ताटल्या गप्प होत्या.

"एका बाईचा सूर चढेल," ती सावकाश म्हणाली. "पंधराजणींचा एका आठवड्यात चढत नाही. अहो, भोंगे कधीपासून बंद आहेत?"

"सहा दिवस."

"आणि तुम्ही सहा दिवस फोन उपडा ठेवताय."

शशिकांतने सगळे सांगितले. देवरुखच्या वाचकापासून सव्वापन्नासपर्यंत. सांगताना एरवी हा शोध तिला सांगायला आपल्याला किती आवडले असते, हेही त्याच्या मनात येऊन गेले.

"म्हणजे उतरले तीही मी नाही," सुनीती म्हणाली, "आणि चढले तीही मी नाही. मग दोन वर्षं या घरात गात कोण होतं?"

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं, सुनीती."

"गेल्या महिन्यापासून तर होतं. गेल्या महिन्यात एकदा तरी म्हणायचं होतंत, की बाई, वय नाही तुझं. मी वर्षभर म्हातारी झाले हो, तुमच्या एका वाक्यानं."

ती आत गेली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवल्याचा आवाज आला.

*

देवळाच्या सभामंडपात ईशानीने गावाला स्वतःच सगळे सांगितले, काही न लपवता. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. बंडातात्यांनी मांडीवरच्या पेटीकडे असे पाहिले, की जणू तिची माफी मागायची राहून गेली होती.

लीलाताईंनी मुद्द्याला हात घातला. "मरतं का कोण ह्यानं?"

"नाही."

"कान जातो?"

"तसं दिसलं नाही. सूर सरकतो. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही."

"सूर," लीलाताई म्हणाल्या. मग त्या सुनीतीकडे वळल्या. "सुनीतीताई, तू माहेरवाशीण. तूच सांग. पाणी बंद करायचं का?"

सगळा मंडप तिच्याकडे पाहू लागला.

"खालच्या झऱ्यावरनं कळशा आणून माझी मान अजून दुखते, लीला," सुनीती म्हणाली. "पाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. मला विचारूच नकोस ते."

शशिकांतला तोडगा तेव्हाच सुचला, आणि सुचताच तो बोलून मोकळा झाला. "भोंगाच काळी चारमध्ये लावला तर? सूर थोडाच वर न्यायचाय."

ईशानीने डोळे मिटून हिशेब केला. "आत एक कडं बसवून नळी आखूड करता येईल. पाणी थोडं कमी पडेल. पण पडेल."

"म्हंजी भोंग्यालाबी मिरजेला न्यायचं!" बंडातात्या म्हणाले, आणि मंडप खो-खो हसला. कोणाचे काही जाणार नव्हते. गाव सुरात, टाकीत पाणी. अहवालात ईशानी परिणामाचे वाक्य लिहिणार होती आणि त्याखाली उपायाचेही.

हसण्यात सुनीती नव्हती. घराकडे चालताना शशिकांतने विचारले, "पटलं नाही?"

"गावासाठी पटलं. लावा." चार पावले गेल्यावर ती म्हणाली, "पण सगळ्यांचा सा आता सिमेंटचा."

"बरोबर तर असेल ना?"

"बरोबर असेल. माझा नसेल. तंबोरा घेऊन बसलं की सा शोधावा लागतो हो. एखाद्या दिवशी अर्धा तास सापडत नाही. मग सापडतो, त्याला सा म्हणायचं. हा आता चुकायचाच नाही. चुकणारच नाही त्याला मी लावला असं कसं म्हणू?"

दारात पोचल्यावर, कडीला हात घालून, तिनेच विचारले.

"तुमच्या धंद्यातलं एक सांगा. भोंगा मला ओढतोय, हे मला कळणार कसं? मला तर तेच बरोबर वाटणार."

हा प्रश्न त्याचा होता. सुनीतीने त्याच्या धंद्यातले त्याला विचारलेले हे बहुधा पहिलेच. तो ओट्यावर बसला.

"दोन स्पीकरांवर जवळजवळ सारखा सूर सोडला," तो म्हणाला, "अगदी सारखा नव्हे, जवळजवळ, की आवाजाची लाट होते. फुगतो, बसतो, फुगतो, बसतो. फरक जितका थोडा तितकी लाट संथ. फरक मिटला की लाट थांबते. भोंगा तुझ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात घुमतोच. तू त्याच्यापेक्षा केसभर वेगळी लागलीस, तर खर्जाच्या तारेत लाट येईल."

"आणि थांबली?"

"थांबली तर त्यानं तुला ओढलं."

"म्हणजे लाट आहे तोवर मी आहे," सुनीती म्हणाली, आणि आत जाऊन तिने तंबोऱ्याची गवसणी काढली.

*

भोंग्यांत ती कडी बसवायला मार्च उजाडला. बंडातात्या पेटी पुन्हा मिरजेला घेऊन गेले. कारागिराने त्यांना आधी चहा पाजला आणि मग पेटी उघडली. ईशानीचा अहवाल गेला आहे. त्यावर निर्णय आलेला नाही. शेजारच्या दोन गावांनी आपल्याकडेही भोंगे हवेत असे ठराव केले आहेत, आणि त्यांतल्या एकाने कोणता सूर हवा तेही कळवले आहे.

शशिकांतने हे सगळे ब्लॉगवर लिहिले. त्या नोंदीत सुनीतीच्या गाण्याचा व्हिडिओ नाही. तो टाकण्याची परवानगी त्याने सुनीतीकडे मागितली होती. ती "बघू" म्हणाली. मंडळाच्या एकादशीच्या भजनाखाली देवरुखच्या वाचकाची प्रतिक्रिया आहे: 'आता छान जमते. पेटी दुरुस्त केलीत वाटते.'

आज सकाळी धुके दाट होते. सहा चाळीसला भोंगे सुरू झाले, काळी चारमध्ये, आणि मांडणीवरच्या ताटल्या किणकिणू लागल्या. आत सुनीतीने खुंट्या पिळल्या, बराच वेळ पिळल्या, आणि तंबोरा लागला तो काळी चारच्या केसभर वर, जिथे पेटीवर काही नाही. ओट्यावर शशिकांतने फोन काढला नाही. भिंतीला डोके टेकून तो ऐकत राहिला.

खर्जाची तार फुगत होती, बसत होती. सुनीतीचा सा त्यावर उभा होता. मधूनच लाट लांबट झाली, इतकी संथ, की थांबलीच असे शशिकांतला वाटले. मग ती पुन्हा फुगली.

सव्वासातला जास्वंदीवर थेंब पडू लागले. आत लाट अजून चालू होती.